काळं पित्त आणि हायवेवरची माणसं

जुना मुंबई-पुणे हायवे लोधिवलीवरून जातो. त्याच्या कडेने कधी एखादा माणूस चालताना दिसतो. केसांच्या जटा झालेल्या, खांद्यावर चिंध्यांचं गाठोडं, भर उन्हात अंगावर दोन-दोन स्वेटर. चहाच्या टपरीवर त्याचं निदान लगेच होतं. कुणी म्हणतं, ‘डोक्यावर परिणाम झालाय.’ कुणी म्हणतं, ‘बाहेरचं आहे.’

हा वाद निदान चोवीसशे वर्षं जुना आहे. ग्रीसमध्ये फेफऱ्याला ‘पवित्र रोग’ म्हणत. झटक्यात रोगी बकरीसारखा आवाज काढू लागला तर मातृदेवतेचा कोप, घोड्यासारखा किंचाळला तर पोसायडनचा, असं मांत्रिक सांगत. कोणत्या देवाचं आहे ते ठरवून उतारा सांगणारा आपल्याकडचा भगत याहून वेगळं काय करतो? इसवी सनापूर्वी ४००च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने याविरुद्ध ग्रंथच लिहिला. हा रोग इतर रोगांपेक्षा जास्त पवित्र नाही, तो मेंदूतून येतो. वेड, भीती, झोप उडणं हेही मेंदूतूनच येतं, असं त्याने ठामपणे मांडलं. आपलं अज्ञान झाकायला लोक देवाला पुढे करतात, हेही सांगितलं. पुरावा हवा असेल तर असा झटका येणाऱ्या बकरीचं डोकं फोडून पाहा, आत दुर्गंधी पाणी साचलेलं दिसेल, असं तो म्हणतो.

त्याने दिलेलं कारण मात्र चुकलं. कफाने वेडा झालेला शांत राहतो आणि पित्ताने झालेला आरडाओरडा करतो, असं त्याचं म्हणणं. पुढे खोल उदासीला काळं पित्त कारण ठरलं. ‘मेलँकोलिया’ या शब्दाचा अर्थच काळं पित्त. ‘पित्त खवळलं’ म्हणणाऱ्या आपल्याला हे परकं वाटायला नको. चरकसंहितेतही वात, पित्त, कफ यांचे उन्माद आहेत आणि शेजारीच देव-पिशाचांमुळे होणारा ‘आगंतू’ उन्मादही आहे. टपरीवरची दोन्ही निदानं एकाच ग्रंथात नांदतात.

रोगाचं कारण देवाकडून शरीरात आलं की रोग्याची सुटका होईल, असं वाटतं. तसं झालं नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस ग्रीक वैद्यकच मांडत होता, पण वेड्याला उपाशी ठेवा, बेड्या घाला, फटके मारा, असा सल्ला त्यानेही दिला. चरकसंहितेतही बांधणं आणि धाक घालणं उपचारांत आहे. भूत गेलं, तरी चाबूक राहिला. नुसतं कारण कळून माणूस मोकळा होत नाही, त्याच्याकडे बघणारी नजरही बदलावी लागते.

लोधिवलीहून फार लांब नाही, कर्जतजवळ वेणगावला ती बदललेली नजर दिसते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली ‘श्रद्धा’ या संस्थेचं काम सुरू केलं. सुरुवात झाली ती मुंबईत नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिणाऱ्या एका तरुणाला पाहून. उपचारांनंतर कळलं, तो शिकलेला होता, त्याचं घर होतं. पुढे कर्जतचं केंद्र उभं राहिलं आणि २०१८ साली डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या रुग्णाला आणायचं, न्हाऊ-माखू घालायचं, औषध द्यायचं आणि गावाचं नाव आठवलं की घरी पोचवायचं, असं हे काम. आता २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही साखळीने बांधायला मनाई करतो.

त्या ग्रीक वैद्याचं एक निरीक्षण माझ्या मनातून जात नाही. झटका येणार हे जाणवलं की मोठी माणसं लोकांपासून दूर पळतात आणि डोकं झाकून घेतात. देवाच्या भीतीने नव्हे, लाजेने. लहान मूल मात्र आईकडे धावतं, कारण लाज म्हणजे काय हे त्याला अजून कळलेलं नसतं. कफाबद्दल तो वैद्य चुकला, लाजेबद्दल नाही. हायवेवरून चालणारा तो माणूसही कुणाच्या तरी घरातून निघालेला आहे. औषध त्याचा आजार आवरेल. पण तो परतेल तेव्हा ‘चार लोक काय म्हणतील’ हा विचार न करता दार उघडणं, ते घरच्यांनाच करावं लागेल.