आजचं चिंतन : उशीर झालाय, आता काय बोलू?

भागवताच्या दशम स्कंधात सुदामा द्वारकेला पोचतो. कृष्ण 'इतकी वर्षं का आला नाहीस?' असं विचारत नाही. त्याला आठवते गुरुकुलातली पावसाची रात्र, दोघं सरपणाला गेले होते ती.

परवा शाळेतल्या मित्रासोबत गोरेगावहून कोहमारामार्गे नवेगावबांधला सायकलने गेलो. दहा वर्षांनी भेटलो. त्याचे बाबा वारले तेव्हा मी गेलो नव्हतो. मग लाजेने फोनही केला नाही. वाटेत धापा टाकत म्हटलं, "चुकलो रे." तो म्हणाला, "पाणी पे आधी. मंग बोलू."

उशीर झाला म्हणून माफी टाळायची का? ती लाज म्हणजे अहंकारच ना! सुदामा पायी गेला. आपण निदान फोन करू. आज कोणाला करताय?