पास आहे का एखादा?

पुण्यात मॅच, नाटक किंवा मैफल जाहीर झाली की ‘तिकीट किती?’ हा प्रश्न दुसरा येतो. पहिला येतो, ‘पास आहे का एखादा?’ २०१४ साली मीही अशाच पासावर बालेवाडीला गेलो होतो. इंडियन सुपर लीगचा पहिलाच मोसम, एफसी पुणे सिटी हा आपला नवाकोरा संघ आणि त्यात १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला दाविद त्रेझेगे. पास एका मित्राच्या ऑफिसातून आलेला. गेटवर पोलिसाने खिशातली चिल्लर काढून खोक्यात टाकायला लावली. आत गेल्यावर कुणीतरी हवा भरलेल्या दोन प्लॅस्टिकच्या नळकांड्या हातात दिल्या आणि सांगितलं, एकमेकींवर आपटा, आवाज होतो. मागच्या रांगेतलं कुटुंब पहिली दहा मिनिटं ‘आपले कुठल्या रंगातले?’ यावरच वाद घालत होतं. येताना मी दारातल्या मुलाकडून एक नारिंगी झेंडा विकत घेतला. त्या संध्याकाळी मी स्वतःच्या खिशातून केलेला एवढाच खर्च, कारण परतताना एकही रिक्षावाला यायला तयार होईना.

तेव्हा मला वाटलं होतं, फुटबॉल गर्दीचा खेळ आहे, फुकट बोलवा, लोक येतील, सवय लागेल, मग तिकीट लावा. दुकान उघडताना वाटतात तसे हे पेढे. हे मत पुढे टिकलं नाही.

पहिला धक्का भाचीने दिला. मॅक्सम्यूलर भवनात जर्मन शिकून ती डॉर्टमुंडला नोकरीला गेली आणि तिथे फुटबॉल बघायला लागली. फोनवर सांगायची, ‘मामा, पंधरा-वीस युरोत उभ्याचं तिकीट मिळतं!’ डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण बाजूला जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभी राहून सामना बघतात. तिथल्या बऱ्याच क्लबांच्या तिकिटावरच त्या दिवशीची लोकलची ये-जाही होते. रिक्षा प्रकरण मी विसरलो नसल्यामुळे मला तिकिटापेक्षा त्या लोकलचंच अप्रूप वाटलं. लंडनला असलेला माझा मित्र नेमकी उलटी कहाणी सांगायचा. एके काळी आर्सेनलचं सर्वांत स्वस्त मोसमी तिकीट हजार पौंडांच्या वर होतं, त्याच सुमारास बायर्न म्युनिकचं उभ्याचं मोसमी तिकीट १४० युरोंना मिळे. मी सरळ निष्कर्ष काढला: जर्मन उदार, इंग्रज लोभी.

असले निष्कर्ष काढायला बरे असतात, पण एक गोष्ट त्यात बसेना. महाग म्हणून इंग्लंडची मैदानं ओस पडली होती का? मुळीच नाही. प्रीमियर लीगची मैदानं जवळपास भरलेलीच असतात. जर्मन लीगची सरासरी गर्दी बरीच वर्षं थोडी जास्त असायची, कारण मैदानं मोठी आणि उभं राहायला जागा. म्हणजे किंमत वाढवली की गर्दी हटते, हा मंडईतला हिशोब इथे लागू नव्हता. मग फरक होता कुठे?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. इंग्लंडमधले क्लब एकोणिसाव्या शतकातच मर्यादित कंपन्या झाले. पण तिथल्या फुटबॉल असोसिएशनने फार वर्षं एक अंकुश ठेवला होता: भागधारकांना नफा वाटण्यावर मर्यादा आणि संचालकांना पगार नाही. क्लब कागदावर कंपनी, पण वागायचं गावच्या संस्थेसारखं. १९८३ मध्ये टॉटनमने वर एक दुसरी कंपनी उभी केली आणि ती शेअर बाजारात नेली. नियम जागच्या जागी राहिला, त्याच्या डोक्यावरून पैसा पलीकडे गेला. पळवाट शोधण्याची ही हातोटी पुणेकरालाही मान डोलवायला लावील.

मग १५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे कुंपणाच्या जाळीपाशी चिरडले गेले. बळींचा आकडा शेवटी ९७ वर गेला. लॉर्ड टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालाने मोठ्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या द्यायला सांगितलं. पण त्याच टेलरांनी हेही लिहिलं होतं की खुर्ची आली म्हणून तिकीट परवडेनासं व्हायचं कारण नाही. त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण दिलं: बसून सहा पौंड, उभ्याने चार. क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या घेतल्या आणि सहा पौंड तिथेच सोडले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली, टीव्हीचा पैसा आला आणि बापाचा हात धरून उभ्याने सामना बघणाऱ्या पोराच्या जागी ऐपतवाला, वयाने मोठा, बराचसा बाहेरून आलेला प्रेक्षक बसला. मैदान भरलेलंच होतं, फक्त त्यातली माणसं बदलली.

जर्मनीत क्लब म्हणजे ‘फेराइन’. हा शब्द भाचीने मला ‘म्हणजे आपलं मंडळ’ असा समजावला, आणि याहून चांगलं भाषांतर मला अजून सापडलेलं नाही. नोंदणीकृत संस्था, सभासद, वर्गणी, वार्षिक सभा, सभेत भांडणं. १९९८ मध्ये तिथेही फुटबॉल विभागाची कंपनी करायला परवानगी मिळाली, पण अटीवर: मतांचा अर्ध्याहून अधिक हिस्सा मूळ संस्थेकडेच राहील. ‘पन्नास अधिक एक’ म्हणतात तो हा नियम. उभं राहण्याची जागा त्यांनी सोडली नाही. युरोपीय सामन्यांसाठी तिथे खुर्च्या बसवाव्या लागायच्या, तेव्हा डॉर्टमुंडचं ८१ हजारांचं मैदान ६६ हजारांवर यायचं. हा तोटा सोसणं हिशोबात बसत नाही, पण सभासदांच्या सभेत बसतं.

इथवर आल्यावर माझं दुसरं मत तयार झालं: सगळी करामत नियमाची. ते मत कोल्हापुरात मोडलं.

शिवाजी पेठेतल्या एका मित्राने मला शाहू स्टेडियमवर नेलं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ. पायऱ्यांवर माणूस माणसाला चिकटलेला, खाली मैदानात धूळ. मी सवयीप्रमाणे तिकिटाचं विचारलं, तर तो म्हणाला, ‘भावा, तिकिटाचं काय इचारतोयस, मॅच कुणाची हाय ते बघ की!’ कोल्हापुरातले संघ तालमींचे. जिथे कुस्तीचा आखाडा, तिथलाच फुटबॉलचा संघ: खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, पाटाकडील. शेजारचे एक काका मध्यंतरात गोलकीपरच्या आजोबांची कुंडली सांगत होते. आजोबाही याच तालमीकडून खेळलेले. चुकलेल्या पासला ते खेळाडूच्या घरातल्या नावाने शिवी हासडत. तिथे कुणी ‘आपले कुठल्या रंगातले’ विचारत नव्हतं. पन्नास अधिक एक नाही, शेअर बाजार नाही, टीव्हीचा अब्जावधींचा करार नाही, तरी पेठ आपल्या संघावर हक्क सांगते.

आपण हे पुण्यात ओळखत नाही असं नाही. गणपतीत पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात येतात. एकशे एक रुपयांची पावती फाडणारा माणूस पुढचे दहा दिवस देखाव्यावर, स्पीकरच्या आवाजावर, मिरवणुकीतल्या क्रमावर अधिकाराने बोलतो. हजार रुपयांचं नाट्यगृहाचं तिकीट काढणारा तसं बोलत नाही, फार तर गाडी काढताना कुरकुरतो. आणि पासावर आलेला? त्याला बोलायला तोंडच नसतं. मध्यंतरात उठून गेला तरी त्याचं काही गेलेलं नसतं. बालेवाडीत माझं तेच झालं होतं. महाग तिकीट माणसाला गिऱ्हाईक करतं, फुकट पास तर तेही करत नाही.

२०१३ ते २०१९ या सहा वर्षांत पुण्याने पाच संघ गमावले. क्रिकेटमधले पुणे वॉरियर्स. २००७ ला सुरू झालेला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी. डीएसके शिवाजीयन्स. रायझिंग पुणे सुपरजायंट, जो आलाच होता दोन वर्षांच्या बोलीवर, पण २०१७ ची आयपीएल एका धावेने हुकवून गेला. आणि शेवटी २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी, ज्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवणारी काही मुलं मनापासून हळहळली. बाकी शहराने बातमी वाचली आणि पान उलटलं.

याच्या शेजारी कोलकाता ठेवून बघा. सुपरजायंटच्याच मालकांनी २०२० मध्ये मोहन बागानशी भागीदारी केली आणि संघाच्या नावात त्यांच्या आधीच्या संघाचं ‘एटीके’ आलं. मोहन बागान हा १८८९ पासूनचा सभासदांचा क्लब. लोक फलक घेऊन तीन वर्षं मागे लागले आणि २०२३ मध्ये ती अक्षरं गेली. गंमत म्हणजे त्यांच्या जागी आलं ‘सुपर जायंट’, म्हणजे पुण्याची उतरलेली पाटी. पण निदान भांडण झालं. युरोपातही तेच दिसतं. लिव्हरपूलने ७७ पौंडांचं तिकीट काढलं तेव्हा, फेब्रुवारी २०१६ मध्ये, हजारो लोक बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. संघ २-० पुढे होता, शेवटी २-२ झालं. क्लबने वाढ मागे घेतली. २०२४ च्या सुरुवातीला जर्मन प्रेक्षक लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार नको म्हणून मैदानात टेनिसचे चेंडू फेकत राहिले. २१ फेब्रुवारीला तो करार गुंडाळावा लागला.

सभासद म्हणजे संत, असंही मला म्हणायचं नाही. शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजीपायी सामने थांबवायची वेळ आलेली आहे, आणि मी गेलो त्या दिवशी पायऱ्यांवर बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. इंग्लंडच्या खुर्च्यांनी जिवाची भीती घालवली, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. जर्मनीत नियम असूनही बायर्नने सलग अकरा वेळा लीग जिंकली, आणि लाइपझिगच्या संघाने मूठभर मतदार सभासद ठेवून नियम पाळल्याचं दाखवलं. पळवाटा काही फक्त टॉटनमला सापडत नाहीत. भाचीला विचारलं तर म्हणते, वार्षिक सभा कंटाळवाण्या असतात, म्हातारे लोक तासन्‌तास बोलतात. तरी जाते.

हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या स्थानकांच्या यादीत ‘बालेवाडी स्टेडियम’ हे नाव आहे. रिक्षावाल्यांचा प्रश्न मिटणार. परवा घर आवरताना तो नारिंगी झेंडा सापडला. बायकोने विचारलं, ठेवायचा की गाडी पुसायला घ्यायचा? मी म्हटलं, थांब जरा. मग बराच वेळ आठवत राहिलो, तर त्या दिवसाचा स्कोअर काही आठवेना.