हाडाचे दुखणे आणि हिशोबाचा धर्म

उपचाराचे पैसे घेतल्यावर त्याला सेवा म्हणता येते का, हा जुना धर्मप्रश्न आहे आणि हाडाच्या दवाखान्यात तो फार टोकदार होतो. ताप आलेल्या माणसाला एका ठिकाणचा दर पटला नाही, तर तो दुसरा दवाखाना गाठू शकतो. मांडीचे हाड मोडलेल्याला ते जमत नाही. तो वेदनेने आडवा पडलेला असतो, आणि त्याच्या वतीने सह्या करणारे नातेवाईक भांबावलेले असतात. शरीरात बसवलेला रॉड किंवा प्लेट त्याला कधीच दिसत नाही. त्याच्या हातात येते ती बिलातली एक ओळ.

कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगेकाठच्या कसबा बावड्यात या प्रश्नाच्या बहुतेक बाजू एकाच परिसरात सापडतात. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ साली इथल्याच लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला. छत्रपती राजाराम साखर कारखाना इथे आहे, त्यामुळे गळीत हंगामात रस्ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेले असतात. लाइन बाजारात शासनाचे सेवा रुग्णालय आहे, जवळच खासगी वैद्यकीय महाविद्यालय, आणि शहरात सगळ्या जिल्ह्याचा आधार असलेले सीपीआर हे सरकारी रुग्णालय. त्यांच्या जोडीला खासगी दवाखाने. या सर्वांच्या आधीपासून कुस्तीच्या या मुलखात आणखी एक जण होता, तो म्हणजे हाडवैद.

निखळलेला खांदा बसवणारा हाडवैद पुष्कळदा पैसे मागत नसे. मागितले तर हाताचा गुण जातो, अशी समजूत होती. लोक नारळ, धान्य, जमेल ते ठेवत. या प्रथेत उदात्तपणा होता हे खरेच, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. एक्स-रे, भूल, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह आणि रात्रपाळीची परिचारिका यांतले काहीही नारळावर चालत नाही. शिवाय चुकीचे बसवलेले हाड फुकट बसवले म्हणून सरळ होत नाही. विनामूल्य असणे हा सेवेचा पुरावा नव्हे.

प्राचीन ग्रंथांनी हा प्रश्न दोन्ही अंगांनी पाहिला आहे. मनुस्मृतीने वैद्याचे अन्न त्याज्य ठरवले. आयुर्वेदाची भूमिका अगदी वेगळी आहे. चरकसंहितेतील रसायनप्रकरणात सांगितले आहे की, धनासाठी वा वासनेसाठी नव्हे तर प्राणिमात्रांवरील दयेने उपचार करणारा वैद्य सर्वश्रेष्ठ, आणि चिकित्सेचा बाजार मांडणारा सोने सोडून धुळीच्या मागे लागलेला. याच ठिकाणी रुग्णाचेही कर्तव्य येते. बरा झाल्यावर, आधी कबूल केलेले असो वा नसो, जो वैद्याची परतफेड करत नाही त्याला प्रायश्चित्तसुद्धा नाही, इतक्या कठोर शब्दांत ते येते. म्हणजे चरकाला मोबदला निषिद्ध नाही. त्याचा आक्षेप मोबदला हाच उपचाराचा हेतू होण्याला आहे.

हेतू मात्र कोणाला दिसत नाही. शस्त्रक्रिया गरजेची म्हणून सुचवली की खाट भरायची म्हणून, हे रुग्णाला कसे कळावे? त्याच्या हाती येतो फक्त हिशोब. म्हणून हिशोबाकडे केवळ कारकुनी काम म्हणून पाहता येत नाही, आणि इथे मराठी संतपरंपरा शास्त्रग्रंथांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

या परंपरेत हिशोबाच्या दोन कथा सर्वांना ठाऊक आहेत. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एकनाथांना एका पैची चूक सापडेना. ते रात्रभर वह्या घेऊन बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी त्याच एकाग्रतेला परमार्थाची पात्रता मानले. दुसरी कथा देहूची. दुष्काळानंतर तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. पहिल्या कथेत एक पैही सुटत नाही, दुसरीत सगळेच सोडून दिले जाते. वरवर पाहता एक काटेकोर आणि दुसरी उदार, एवढाच फरक वाटतो. पण दुसऱ्या कथेतला एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. तुकोबांनी आधी खतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा, वाटा त्यांना दिला आणि केवळ स्वतःचा वाटा बुडवला. आधी हिशोब झाला आणि मग त्याग. त्यागही आपल्याच पदराला खार लावून केलेला.

रुग्णालयाच्या बिलाला ही दोन्ही मापे लागू पडतात. रुग्णांच्या तक्रारी ऐकल्या तर त्यांचा रोख रकमेच्या आकड्यावर कमी आणि तो आकडा केव्हा, कसा कळला यावर जास्त असतो. डिपॉझिट भरताना सांगितलेले पॅकेज डिस्चार्जच्या दिवशी निराळे निघते. भूलतज्ज्ञाचे पैसे त्यात धरलेले नसतात. फिजिओथेरपी प्रत्येक वेळी वेगळी लागते. ‘इतर’ नावाच्या रकान्यात मोठी रक्कम असते आणि तिचा अर्थ काउंटरवर कोणी सांगत नाही. ज्या घराने सोने गहाण ठेवून किंवा पतसंस्थेतून उचल घेऊन पैसे जमवले, त्याला ऐनवेळी वाढलेली रक्कम फसवणूक वाटते, मग ती वाजवी का असेना. काउंटरवरचे तुटक बोलणे आणि स्ट्रेचरवर ताटकळत ठेवणे हेही त्याच अनुभवाचे भाग आहेत. ज्याला उठून उभे राहता येत नाही, त्याच्याशी उद्धटपणे बोलण्यात एक खास क्रौर्य असते.

कायद्याने यातले बरेच आधीच सांगून ठेवले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरने शुल्क उपचारापूर्वी सांगायचे असते, शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर नव्हे. रुग्ण पाठवल्याबद्दल दिले-घेतले जाणारे कमिशन, ज्याला सगळे ‘कट’ म्हणतात, तेही याच नियमांनी निषिद्ध आहे. कट हा एकनाथांच्या पैच्या नेमका उलट प्रकार आहे. तो वहीत कधीच दिसत नाही, पण रुग्णाच्या बिलात मुरलेला असतो. बिलातल्या सगळ्या दोषांत हा सर्वांत वाईट मानला पाहिजे, कारण तो हेतूच नासवतो.

इम्प्लांटची किंमत ही दुसरी अंधारी जागा. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांना कमाल किंमत ठरवून दिली. सर्वाधिक वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती कर वगळून ५४,७२० रुपये होती. त्याआधी त्यासाठी दीड लाखाच्या आसपास मोजावे लागत. एवढी तफावत इतकी वर्षे खपली, कारण ती विचारण्याच्या स्थितीत कोणी रुग्ण नव्हता. त्या आदेशात मोडलेल्या हाडाला लागणाऱ्या रॉड-प्लेट नव्हत्या.

दयेच्या बाबतीतही तुकोबांचेच माप लावावे लागते. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. ही सवलत संस्थेने करसवलतीच्या बदल्यात मान्य केलेले देणे आहे, तिला उपकार म्हणता येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतला रुग्णही फुकट आलेला नसतो. त्याचे पैसे शासनाच्या तिजोरीतून, म्हणजे लोकांच्याच करातून, येतात. त्याला वेगळ्या सुरात बोलणे हा हिशोबातलाच खोटेपणा आहे. याउलट, एखादा सर्जन ऊसतोड मजुराच्या बिलातून स्वतःची फी कापतो आणि भूलतज्ज्ञाची, औषधाची रक्कम जशीच्या तशी ठेवतो, तेव्हा ती खरी दया असते. तीच सूट दुसऱ्या रुग्णाच्या बिलात गुपचूप चढवली, तर ती कान्होबांचा वाटा बुडवण्यासारखी आहे.

प्रारब्धाचा मुद्दा उरतो. हाड मोडले की घरात ‘भोग आहे’ असे म्हटले जाते. दुःख सोसायला त्या शब्दाचा आधार होतो, आणि तो काढून घेण्याचे कारण नाही. पण अपघात प्रारब्धाचा मानला तरी बिल प्रारब्धाचे ठरत नाही, ते माणसाने बनवलेले असते. स्वतः चरकानेही प्रबळ पुरुषार्थ दुर्बळ दैवाला मागे सारतो असे मानले आहे. प्रश्न विचारणे हा रुग्णाचा पुरुषार्थ आहे, आणि ठरलेले पैसे वेळेवर देणे हाही.

तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी खर्चाचा लेखी अंदाज मराठीत मागावा, डिस्चार्जच्या वेळी बाबवार बिल, पावती, एक्स-रे आणि इम्प्लांटचे स्टिकर घेऊन ठेवावे. पैसे थकले म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. शंका असेल तर आधी डॉक्टरांशी आणि रुग्णालयाच्या तक्रार कक्षाशी बोलावे. तिथे निरसन झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पैसे घेऊन दिलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे, आणि तक्रारीसाठी कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.