सत्तर ते दोनशे

आमच्या घराण्यात लग्नकार्यातली खाती पूर्वीपासून वाटून दिलेली आहेत. थोरल्या काकांकडे आचाऱ्याशी भांडण्याचं खातं, धाकट्या काकूकडे रुसलेल्यांची समजूत घालण्याचं, आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याच्याकडे फोटोंचं. फोटोंचं खातं गेली चाळीस-बेचाळीस वर्षं माझ्याकडे आहे.

सुरुवात झाली १९८३ साली, साताऱ्यात. ताईचं लग्न. आप्पांनी कुणाकडून तरी आगफा क्लिक थ्री मागून आणला होता. तो कॅमेरा म्हणजे एक सज्जन डबा होता. एका रोलवर बारा फोटो, उन्हाची एक खूण, ढगाची एक खूण, संपलं! लेन्स जागची हलत नसे. माणूस मोठा यायला हवा असेल तर आपण चार पावलं पुढे जायचं, सगळं गणगोत मावायला हवं असेल तर मागे सरकायचं. असा मागे सरकता सरकता मी पंगतीतल्या अळूच्या भाजीच्या बादलीत पाय घातला होता. म्हणजे झूम तेव्हाही होता, फक्त तो पायांत होता.

दोन रोल, चोवीस फोटो. त्या चोविसांत आप्पा कुठेही नाहीत. एका फोटोत डावीकडून कोपर आलं आहे, ते त्यांचं असावं असं आम्ही धरून चालतो. पाठवणीच्या वेळी ते दिसेनासे झाले. मी शोधत गेलो तर कोठीच्या खोलीत उकिडवे बसून उरलेले नारळ मोजत होते. नारळ मोजायची ती वेळ नव्हती. तेवीस, चोवीस, की पुन्हा तेवीस. मी दारात उभा, कॅमेरा डोळ्याला लावलेला, रोलवर एक फोटो शिल्लक. आप्पांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रोल वाया घालवू नकोस." मी कॅमेरा खाली केला. आता विचार केला तर त्या अंधाऱ्या खोलीत त्या कॅमेऱ्यावर काही उमटलंच नसतं. पण हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आणि आप्पांनाही नव्हतं.

ताई सांगलीला नांदायला गेली, अल्बम तिच्याबरोबर गेला. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर चढलं, तेव्हा ताईच्या खालच्या खोलीतलं कपाट दोन दिवस पाण्यात होतं. अल्बम उघडला तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा एक जाड पुठ्ठा झाला होता. कोपरासकट.

म्हणून गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं आणि ताईचा फोन आला, तेव्हा मला नाही म्हणता येईना. मुलगा साताऱ्याचाच. लग्न सांगलीला. "फोटोवाले ठरवलेत रे," ताई म्हणाली, "पण त्यांचं ते ड्रोन वरून उडणार, नि पोरांना धुरात उभं करून नाचवणार. मला आपल्या माणसांचे फोटो पाहिजेत. ते तू काढ."

आता माझ्या कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स आली होती, तिला कार्यालयाच्या उजेडात रातांधळेपणा येतो. नवीन लेन्स बघणं भाग होतं. लग्नाचे फोटो काढणारी मंडळी दोन पंथांत विभागली आहेत, हे मला तेव्हा कळलं. एक चोवीस-सत्तरवाले आणि दुसरे सत्तर-दोनशेवाले. हे मिलिमीटरचे आकडे. पहिल्या लेन्सने माणसांच्या घोळक्यात घुसायचं, दुसरीने लांब खांबाआड उभं राहून वेचून वेचून चेहरे टिपायचे. शैव आणि वैष्णवही एकमेकांशी जरा बऱ्या भाषेत बोलत असतील.

साताऱ्यात माझ्या ओळखीचे एक जुने स्टुडिओवाले आहेत. वय ऐंशीच्या पुढे. साताऱ्याच्या निम्म्या वधूंचे "दाखवण्याचे" फोटो त्यांच्या पडद्यासमोर झाले. त्यांना विचारलं, तर त्यांनी आधी पेढा दिला आणि मग माझं नाक मोजलं. खरोखर पट्टीने. "नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण दहा सेंटिमीटर," म्हणाले. "कॅमेरा तुझ्या नाकापासून चाळीस सेंटिमीटरवर धरला, तर कान पन्नासवर गेला. म्हणजे कानाच्या मानाने नाक पंचवीस टक्के मोठं. ते भोपळ्याएवढं दिसणारच. हाच कॅमेरा दोन मीटर मागे ने. नाक दोन मीटरवर, कान दोन मीटर दहावर. फरक पाच टक्के. मग चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. लेन्स नाक मोठं करत नाही रे, अंतर करतं. लोक उगाच लेन्सला शिव्या देतात." थोडक्यात, दोन मीटर. त्याहून जवळ गेलात तर अपमान, आणि फार लांब गेलात तर? "फार लांबून काय पोर्ट्रेट काढणार? माणूस समोर बसतो, चेहरा घरून करून आणतो. आपण त्याच्याशी काहीतरी बोलत राहायचं, की तो चेहरा हळूहळू उतरतो. खालचा येतो, तो घ्यायचा. त्याला बोलणं ऐकू येईल इतकं जवळ पाहिजे की नको?"

सांगलीतल्या दुकानात एक तरतरीत मुलगा होता. त्याने दोन्ही लेन्सा माझ्यापुढे साड्यांसारख्या उलगडल्या. दोन्ही २.८च्या. हा आकडा लहान तेवढं भोक मोठं, आणि २.८ला ४च्या दुप्पट उजेड आत येतो, एवढं व्यवहारज्ञान मला होतं. चोवीस-सत्तर पाऊण-एक किलोची, सत्तर-दोनशे दीड किलोच्या आसपास. किंमत ऐकून हिने माझ्या शर्टाची बाही धरली. "एवढ्यात आपलं लग्न चार वेळा झालं असतं," ती म्हणाली. कुणाशी, ते तिने सांगितलं नाही.

चोवीसवर मी पूर्वी एकदा समूहफोटो काढला होता. त्या लेन्सचा स्वभाव असा, की मधले लोक जसे आहेत तसे येतात आणि कडेचे आडवे ताणले जातात. त्या फोटोत आत्या कडेला उभी होती. अजून ती माझ्याशी तुटक बोलते.

"काका, सत्तर-दोनशे घ्या," मुलगा म्हणाला. "भाड्यानं घ्या पाहिजे तर. तुम्ही कुठल्या कुठं उभे. माणसाला कळतच नाही!"

हे "कळतच नाही" मला सांगलीपासून कऱ्हाडपर्यंत एसटीत छळत होतं. न कळता घेतलेली वस्तू म्हणजे काय, हे आपल्याला लहानपणी शेजारच्यांच्या पेरूच्या झाडाखाली शिकवलेलं असतं. पेरूला हा न्याय, तर चेहऱ्याला कोणता? बरं, कळून दिलेला चेहरा तरी आपला असतो का? "हसा" म्हटल्यावर माणूस जे करतो त्याला हसणं म्हणायचं तर दातांच्या डॉक्टरकडे रोज आनंदसोहळा चालतो असं म्हणावं लागेल.

आणि मोठ्यांनी तरी काय केलं? आंरी कार्तिए-ब्रेसाँ, ज्याने १९४८ साली दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले, तो जन्मभर बहुतेक काम एका साध्या पन्नास मिलिमीटरवर करत राहिला. म्हणजे पायांनी जवळ जाणारा. आमच्या स्टुडिओवाल्यांच्या पंथाचा. पण त्याने आपल्या लायकाचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकले होते, लोकांच्या डोळ्यांत येऊ नयेत म्हणून! त्याच्याही आधी, १९१६ साली, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पॉल स्ट्रँडने कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स बसवली होती. ती भलतीकडे रोखायची आणि फोटो तिसऱ्याचाच काढायचा. त्या मालिकेतला सगळ्यांत गाजलेला फोटो कुणाचा, तर एका आंधळ्या बाईचा. मला तो फोटो फार आवडतो, आणि आवडतो याची दरवेळी थोडी लाज वाटते. साध्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स फोक्टलेंडरने आणली ती १९५९ साली, छत्तीस ते ब्याऐंशीची. तेव्हा लपण्याचं पाप झूमच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ते तिच्या जन्माआधीचं आहे.

शिवाय लांबून टिपण्याची एक बाजू आम्हा सातारकरांना तरी पटायला हवी. "सावधान" ऐकताच बोहल्यावरून पळालेले नारायण पुढे समर्थ झाले आणि अखेरीस आमच्या सज्जनगडावर राहिले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मांडवात चोवीस-सत्तरवाला असता तर त्याला रिकामा पाट मिळाला असता. सत्तर-दोनशेवाल्याला निदान पाठमोरे समर्थ मिळाले असते.

अखेर सत्तर-दोनशे तीन दिवसांच्या भाड्याने आणली आणि लग्नाच्या सकाळी एक साधी गोष्ट लक्षात आली. मी मुलीचा मामा. मामाने मुलीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. आणि ही लेन्स मीटरभराच्या आतलं काही बघायलाच तयार नाही! समोर भाचीचा अंबाडा, मुंडावळ्यांची गाठ, मानेवर हळदीचा एक राहून गेलेला डाग, आणि लेन्स नुसती घरघरत पुढे-मागे होतेय. शेवटी ती मी शेजारच्या करवलीच्या हातात दिली. तिने दीड किलोचं ते ओझं बाळासारखं छातीशी धरलं, आणि मी अक्षता टाकल्या. मंगलाष्टकांचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

मामापणातून सुटल्यावर मात्र मी वरच्या सज्जात गेलो, आणि तिथून जे राज्य दिसलं ते काय सांगू! आत्या रुमालात जिलबी बांधत होती. नवऱ्या मुलाचे वडील एका आमदारछाप पाहुण्याचा हात हातात धरून तोंड मिटून जांभई देत होते. बांधावरून दहा वर्षं न बोलणारे आमचे दोन चुलतभाऊ एकाच आरशात आळीपाळीने फेटा नीट करत होते. पाच मीटरवर दोनशे लावली तर जेमतेम दहा सेंटिमीटर खोलीचं जग स्पष्ट येतं, बाकी सगळं लोण्यासारखं विरघळतं. म्हणजे नवरीची नथ ठेवायची आणि मागच्या सासूबाई विरघळवायच्या, हे माझ्या एका बोटावर. अर्धा तास मला आपण देव असल्यासारखं वाटलं. नंतर आपण सीआयडी असल्यासारखं वाटू लागलं. दोन्ही खात्यांत काम एकच असतं म्हणा.

पाठवणीची वेळ झाली. खाली ताई रडत होती, भाची रडत होती, व्हिडिओवाला "एकदा परत" म्हणत होता. दाजी दिसेनात. मी सज्जाच्या मागच्या खिडकीशी गेलो. खाली मागच्या अंगणात, पंचवीसेक मीटरवर, पाण्याच्या टाकीजवळ दाजी भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मोजत होते. एकात एक घातलेल्या खुर्च्यांच्या थप्प्या. एका थप्पीवर हात ठेवला, ओठ हलले, थांबले. पुन्हा पहिल्या थप्पीपासून. मग मोजणं सोडून त्यांनी त्या खुर्च्यांना दोन्ही हातांनी धरलं.

मी बटण दाबलं. या कॅमेऱ्यात एका सेकंदात आठ फोटो निघतात, रोल वाया जाण्याचा प्रश्नच नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं होतं. दाजींनी पाहिलं नाही.

महिन्याभराने सांगलीला गेलो तेव्हा सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन गेलो. समोर भडंगाची ताटली. जिलबीवर सगळे हसले, फेट्यांवर त्याहून हसले. मग तो आला. मी आधीच बाजूला काढायला हवा होता, पण खरं सांगतो, मला तो दाखवायचा होता. माझ्या बेचाळीस वर्षांतला तो सगळ्यांत चांगला फोटो आहे.

दाजी बराच वेळ बघत राहिले.

"कुठनं काढलास?"

"वरनं. सज्जातनं."

"हाक का मारली नाहीस?"

"हाक मारली असती तर फोटो आला नसता, दाजी."

"फोटो आला नसता," दाजी म्हणाले. "पण तू आला असतास की."

मी भडंगातले शेंगदाणे वेचू लागलो. ताई चहा घेऊन आली, तिने पडद्याकडे पाहिलं आणि कपबशा तिथेच टेबलावर ठेवल्या. "हा मला मोठा करून दे," ती म्हणाली. "आप्पांचा तर नाहीच कुठं." दाजी म्हणाले, "अजिबात नाही. पूस तो." ताई म्हणाली, "पुसायचा नाही." दाजी म्हणाले, "चेहरा माझा आहे." ताई म्हणाली, "लेक माझी पण आहे." दोघं माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच न्यायाधीश. चोरीचा माल ज्याच्याकडे सापडला त्यालाच न्यायाला बसवायचा, असा प्रकार. मी "बघू" म्हणालो.

चहा झाला. दाजींनी चष्मा बदलला आणि खुर्ची लॅपटॉपकडे ओढली.

"मंडपवाल्यानं आठ खुर्च्या कमी भरल्या म्हणून पैसे कापले रे," ते म्हणाले. "दोनदा मोजल्या, दोनदा चुकलो. जरा मोठं कर बघू ते. डावीकडची थप्पी."

पंचवीस मीटरवरून अडीच मीटर खोली स्पष्ट येते. थप्पी स्वच्छ आली होती. मी मोठं करत गेलो, दाजी पडद्यावर बोट ठेवून मोजत गेले, आणि त्यांच्या चेहऱ्याशी आलो की ताई मधेच "थांब जरा" म्हणायची आणि सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.