ठेव कोणाची, मालक कोण?



लोकशाही म्हणजे काय, असे गावातल्या कोणालाही विचारा. 'मतदान' असे उत्तर येईल. पाच वर्षांतून एकदा रांगेत उभे राहायचे, बोटाला शाई लावून घ्यायची आणि घरी यायचे. हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धे आहे. मत दिल्यानंतर जी सत्ता निर्माण होते ती कोणाची? ज्याला ती मिळाली तो तिचा मालक होतो, की ती त्याच्याकडे केवळ ठेव म्हणून असते? हा प्रश्न राजकारणाचा वाटतो, पण मुळात तो नीतीचा आहे. ठेव स्वतःची समजून वापरणाऱ्याला आपण व्यवहारात काय म्हणतो, हे मी सांगायला नको.

या प्रश्नाचा विचार करताना गोंदिया जिल्ह्यातील माणसाला दूर जावे लागत नाही. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. याच भंडाऱ्यातून १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता. मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एक जागा सर्वसाधारण व एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. राखीव जागेसाठी काँग्रेसचे भाऊराव बोरकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब यांच्यात सामना होता.

त्या निवडणुकीची एक गोष्ट जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून आजवर चालत आली आहे. काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवले, 'आपल्या माणसांना सांगू या, एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरे कुजवा.' हिशेब सरळ होता. दुसरे मत मेहतांना मिळाले नाही, तर मेहतांची मते घटतील. राखीव जागा हातची गेली, तरी एकूण मतांच्या क्रमाने बाबासाहेब दुसऱ्या जागेवर निवडून येतील. कायद्याने कोणाला हरकत घेता आली नसती. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने संविधान घडवण्यात भाग घेतला, त्यानेच मतदाराला मत वाया घालवायला सांगावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. निकाल लागला. मेहता आणि बोरकर निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी मागे राहिले.

या नकाराचे मोल नीट समजून घ्या. दोनच वर्षांपूर्वी, १९५२ साली, उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून बाबासाहेब चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले होते. त्या मतदारसंघात ७४,३३३ मते बाद ठरली. मते कुजवण्याचा प्रचार झाला अशी तक्रार घेऊन बाबासाहेब व अशोक मेहता दोघेही निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले होते. म्हणजे जे शस्त्र आपल्यावर चालले, तेच दोन वर्षांनी आपल्या हाती आले असताना त्यांनी ते खाली ठेवले. राज्यसभेचे ते सदस्य होतेच. पण लोकसभेत, लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात, जाण्याची त्यांची इच्छा होती. ती इच्छा अपुरी राहिली, मतदाराच्या मताला मात्र त्यांनी आपली मालमत्ता मानले नाही.

आता याच मातीतले आजचे चित्र पाहा.

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, नगर परिषद यांची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे संविधानात स्पष्ट लिहिले गेले. तरीही गोंदिया जिल्हा परिषदेची मुदत २०२० च्या जुलैत संपली आणि प्रशासक बसला. मतदान झाले २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ रोजी, दोन टप्प्यांत. निकाल लागल्यावरही अध्यक्ष निवडायला मे २०२२ उजाडला. गोंदिया नगर परिषदेची तऱ्हा तर याहून वाईट. २०२२ पासून तेथे प्रशासकाचा कारभार आणि निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये. जवळजवळ चार वर्षे शहराला नगरसेवक नव्हता. महाराष्ट्रातल्या इतर असंख्य नगर परिषदांची, महानगरपालिकांची आणि जिल्हा परिषदांची हीच कथा. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

कारणे सांगितली गेली. आधी साथीचा रोग, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, मग प्रभाग रचनेचे फेरे. साथ खरी होती. मागासवर्गीयांच्या वाट्याचा प्रश्नही खरा होता, आणि तो न्यायाचाच प्रश्न होता. पण त्यासाठी लागणारी आकडेवारी वेळेत गोळा करणे हे काम कोणाचे? न्यायालयाने ही अट २०१० सालीच घातली होती. त्यानंतर मुंबईत सरकारे बदलली, पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, कुलूप मात्र तेच राहिले.

आणि आता ताळा करून पाहा. याच काळात लोकसभेची निवडणूक चुकली काय? १९ एप्रिल २०२४ ला भंडारा-गोंदियात वेळेवर मतदान झाले. विधानसभेची चुकली काय? २० नोव्हेंबर २०२४ ला तीही झाली. २०१८ च्या मे महिन्यात भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक होती. २८ तारखेला भर उन्हात मतदान यंत्रे बंद पडली, तर दोनच दिवसांनी, ३० तारखेला, ४९ केंद्रांवर फेरमतदान झाले. ते योग्यच झाले. पण दिल्लीच्या एका जागेसाठी दोन दिवस आणि गोंदियाच्या नगरसेवकासाठी चार वर्षे, हा न्याय कोणता? मोठ्यांचे घर वेळेवर भरते आणि गरिबाच्या दारचे सभागृह कुलूपबंद राहते, एवढाच याचा अर्थ.

हे सभागृह गरिबाच्या दारचे का म्हणतो? खेड्यातली शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, लहान मामा तलावांची दुरुस्ती, घरकुलाच्या याद्या, ही सारी कामे तेथूनच चालतात. ज्याच्याकडे बारा एकर धानाची बांधी आणि मुंबईत ओळख आहे, त्याचे प्रशासकाच्या राज्यातही अडत नाही. अडते ते ज्याच्यापाशी एक मताखेरीज काहीच नाही त्याचे. त्या काळात एका कार्यालयाच्या पायरीवर घरकुलाचे कागद पदराला बांधून बसलेली एक म्हातारी मला भेटली होती. पूर्वी ती आपल्या सदस्याला रस्त्यात गाठून भांडत असे. आता ती मला विचारत होती, 'आता सांगाचं कोनाले जी?' या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. प्रशासक एखादे वेळी सज्जन असेलही. पण त्याला रस्त्यात अडवून जाब विचारण्याचा हक्क त्या म्हातारीला नाही, आणि लोकशाही म्हणजे नेमका तोच हक्क.

तथागतांनी गणराज्याच्या टिकण्याची पहिली अट कोणती सांगितली, ते आठवा. वज्जींवर चढाई करावी या विचाराने मगधचा राजा अजातशत्रू याने आपला महामात्य वस्सकार याला राजगृहाला तथागतांकडे पाठवले. तथागतांनी वज्जींच्या सैन्याची चौकशी केली नाही, खजिन्याचीही केली नाही. त्यांनी आनंदाला विचारले, वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? एकोप्याने बसतात, एकोप्याने उठतात काय? ठरलेले नियम मोडत तर नाहीत ना? हे चालू आहे तोवर वज्जींची वाढच होईल, हानी होणार नाही, असे त्यांनी सांगितले. सभा भरणे ही पहिली अट. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बोलताना बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या सभांचे नियम, ठराव आणि मतगणना यांचा दाखला दिला, तो याच परंपरेचा. ज्या राज्यात सभाच भरत नाही, तेथे शत्रूला चढाई करण्याची गरज उरत नाही.

पण वाचकहो, दोष फक्त राज्यकर्त्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. ही कुलपे लागली तेव्हा आपल्यापैकी किती जण तहसील कचेरीवर गेले? आपल्या गावच्या ग्रामसभेला शेवटचे कधी गेलो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. शंभर माणसे जमली तरी गणपूर्ती होते, तीही होत नाही. मग वही घरोघर फिरते आणि आपण अंगणात उभ्या उभ्या सही करतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट घेणारा हात आणि सभागृहाला कुलूप लावणारा हात, या दोघांची समजूत एकच आहे. दोघेही ठेवीला मालमत्ता समजतात. एक विकतो, दुसरा दाबून बसतो. मत कुजवणे याहून वेगळे काय असते?

१९५४ साली या परिसराने बाबासाहेबांना लोकसभेत पाठवले नाही. ते ऋण जयंतीच्या मिरवणुकीने फिटणारे नाही. निवडणूक गमावण्याची तयारी ठेवून त्यांनी मताची जी किंमत राखली, ती आपण राखली तरच ते थोडे फिटेल. येत्या ग्रामसभेला जा. गणपूर्ती झाल्याशिवाय सही करू नका. मागच्या ठरावाचे काय झाले ते उभे राहून विचारा. ज्यांना निवडून दिले त्यांना नमस्कार जरूर करा, पण हिशेबही मागा. ठेव तुमची आहे.