पाण्याला पेलेल तेवढेच

आपण एखादा जीव पाळतो, तेव्हा त्याच्या जगण्याचा भार नेमका कोण उचलतो? प्रश्न साधा वाटतो. परंतु फिल्टर न लावता, केवळ पाणवनस्पतींच्या भरवशावर काचेच्या पेटीत मासे ठेवणाऱ्याला तो टाळता येत नाही.

फिल्टर असला की हा प्रश्न झाकला जातो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, उरलेले अन्न कुजून त्यात भर घालते. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून राहिलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये माशाला विषारी, तिसरे पुष्कळच सौम्य. म्हणजे फिल्टर घाण नाहीशी करीत नाही, तिचे रूप पालटतो. साठलेले नायट्रेट अखेर आपल्यालाच बादलीने उपसून मोरीत ओतावे लागते. पण पाणी नितळ दिसते ना! तेवढ्यावर आपण निर्धास्त होतो आणि दहा माशांच्या जागेत वीस सोडतो.

हे सारे विजेवर चालते. मुळशी खोऱ्यात पावसाळ्यात वीज गेली तर कोणी त्याची बातमी करीत नाही. पंप थांबला की गर्दीच्या पेटीतील मासे काही तासांत वर येऊन तोंडे उघडू लागतात. यातला विरोध येथल्या माणसाला निराळा सांगायला नको. याच खोऱ्यात मुळेवर टाटांच्या वीजकंपनीने धरण बांधले. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरीही गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेलीच. ते पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते आणि वीज मुंबईकडे. दिवा एकाच्या घरी लागतो आणि त्याचा भार दुसऱ्याच्या शेतावर पडतो, हे मुळशीने फार पूर्वी पाहिले आहे. बटण दाबणाऱ्याला ते दिसत नाही, एवढेच.

वनस्पतींच्या पेटीत भार दिसतो. तळाशी बोटभर माती, तिच्यावर वाळूचा पातळ थर, आणि पहिल्या दिवसापासून दाट लावलेल्या, भराभर वाढणाऱ्या वनस्पती. शाळेत नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे आपण मोजले, ती हायड्रिला यात उत्तम. या वनस्पती अमोनिया थेट अन्न म्हणून घेतात. जिवाणू येथेही असतात, मातीत आणि पानापानांवर. उजेडात प्राणवायू सुटतो. मात्र रात्री वनस्पतीही श्वास घेतात, आणि मासे फार असतील तर पहाट जड जाते. म्हणून मासे थोडे, अन्न चिमूटभर, उजेड बेताचा. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली या पद्धतीवर सविस्तर ग्रंथ लिहिला; पण मूळ कल्पना बरीच जुनी. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन सोनेरी मासे आणि वॅलिसनेरिया ही वनस्पती त्यांनी एकत्र ठेवली. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्या कुजके खात राहिल्या आणि पाणी सुधारले. सर्वांत कुरूप सभासदाने मेळ साधला, हे मला त्या प्रयोगातले सर्वांत लोभस वाटते.

येथे कोणी म्हणेल, हा समतोल निसर्गाचा. यात माणसाचे पुण्य कसले? मला हे पटत नाही. चार भिंतींच्या आत समतोल आपोआप टिकत नाही. रोज पेटीपुढे उभे राहून आणखी एक चिमूट न टाकणे, हे त्यात माणसाचे काम आहे. भुकेला दिसणारा मासा समोर असताना हात आवरणे हे निष्ठुरपणाचे वाटते. वस्तुतः त्या जादा चिमटीने मायेचे समाधान आपल्याला मिळते आणि विष माशाला.

खरी परीक्षा पुढेच असते. डासांच्या अळ्या खातो म्हणून गावोगावी टाक्यांत सोडला जाणारा गप्पी मासा पेटीत फार शोभतो. पण मादी महिन्याला पिले देते. काही महिन्यांत पाण्याचे गणित मोडते. अशा वेळी पुष्कळ सज्जन माणसे जादा मासे पिशवीत भरून ओढ्यात नाहीतर धरणाच्या काठी सोडून येतात आणि जीवदान दिल्याच्या आनंदात परततात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गप्पी हा दक्षिण अमेरिकेकडचा मासा. तो आपल्या ओढ्यातल्या मूळच्या लहान माशांचे अन्न वाटून घेतो, त्यांची अंडी-पिलेही खातो. आपल्या पेटीत न मावलेला भार आपण अशांवर टाकतो, ज्यांना कोणी विचारलेलेच नाही.

यावर सरळ उपाय एकच दिसतो: केवळ नर ठेवावेत. रंग नरांचेच सुंदर असतात, तेव्हा शोभेत उणे पडत नाही. तरी, एखाद्या जीवाला संततीवाचून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे एका स्नेह्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. मी त्यांना एवढेच म्हणालो की, हा अधिकार मासा घरी आणला त्याच दिवशी आपण घेतला. आता त्याचा हिशेब ओढ्याच्या नावावर मांडता येणार नाही.