रेडकाचा वाटा

आमच्या शिरोळ तालुक्यातले जैन बहुतेक शेतकरीच. ऊस, सोयाबीन आणि गोठ्यात दोन-चार म्हशी. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, अहिंसाव्रताचे पाच अतिचार (व्रताला लागणारे दोष) आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जखडून बांधणं, मारणं, अवयव छाटणं, ताकदीबाहेर ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. लहानपणी पाठशाळेत पाठ केले, पण त्यांचा अर्थ मला सासरी गोठ्यात कळला. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याच्यासाठीच ही यादी आहे, असं माझं ठाम मत आहे. कांदा-बटाटा सोडला म्हणून व्रत पाळलं असं होत नाही.

म्हैस व्याली आणि रेडी झाली की घर हसतं. रेडा झाला तर कुणी काही बोलत नाही, पण त्याचं पुढचं तिथंच ठरतं. ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम उरलेलं नाही. 25-30 किलोच्या त्या जिवाला रोज अडीच-तीन लिटर दूध लागतं, आणि डेअरीत दर मिळतो फॅटवर. मग चीकसुद्धा खरवसाला जातो. रेडकू सडाला लावतात ते पान्हा फुटेपर्यंतच. म्हशीच्या कासेत खाली उतरलेलं दूध फार थोडं असतं. बाकीचं वर ग्रंथींत राहतं आणि रेडकाच्या ढुशीनं, वासानं आई सैल झाली की उतरतं. नेमकं तेव्हाच दावं ओढून त्याला बाजूला घेतात. तोंडाला फेस तसाच. काही दिवसांत बरगड्या दिसू लागतात, हगवण लागते, मरतं. मग म्हैस दूध चोरते, लाथ झाडते, आणि पान्ह्यासाठी तिला इंजेक्शन टोचतात.

‘जगलं नाही’, असं सांगतात. सासरे म्हणतात, त्याचं आयुकर्मच तेवढं. मी त्यांना म्हणते, मामा, आयुकर्म त्याचं, पण दावं आपल्या हातात होतं. आपल्या धर्मात हिंसा प्रमादातून, म्हणजे बेपर्वाईतून, ठरते. हत्यार लागतच नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही मालकानं पुरेसं खाणं-पिणं न देण्याला क्रूरताच म्हणतो. व्रतानं तर ते कितीतरी आधी सांगितलंय.

बाराव्या तीर्थंकरांचं, वासुपूज्यांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, महिष आहे. आमच्याकडे पंचामृताचा अभिषेक होतो. पायाशी महिष कोरलेल्या मूर्तीवर, रेडकाच्या तोंडचं काढलेलं दूध ओतायचं? मला ते जमत नाही, आणि कुणाला जमावं असंही वाटत नाही.

आमच्याकडे आता रेडा असो की रेडी, जन्मल्यावर तासाभरात चीक पाजतो आणि तीन महिने एक सड रेडकाचं. ते तोंड लावतं तेव्हा म्हैस मान वळवून त्याला चाटत राहते, आणि उरलेल्या तीन सडांची धार मोकळी येते. पण रेडा दीड-दोन वर्षांचा झाला की काय? बाजारात दिला तर तो कुठं जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. लिंगनिर्धारित रेतमात्रेनं साधारण 90 टक्के रेड्याच होतात. पुढच्या माजाला आम्ही तीच भरवणार आहोत, कारण उपाशी मारण्यासाठी जीव जन्माला घालणं मला जास्त वाईट वाटतं. तरी दहातला एक रेडा होणारच. सध्या दावणीला असलेले रेडे उसाच्या वाड्यावर आणि कडब्यावर वाढताहेत. त्यांना विकायचं नाही, हे घरात ठरलंय, आणि त्यांच्या वैरणीचा खर्च मी दुधाच्याच वहीत लिहिते.